धाकलू शिंगकाप्याचा हात

आमच्या कडाव गावात धाकलू म्हणून एक कुणबी होता. भाताची चार खाचरं होती त्याची, पण त्याला शेतकरी म्हणून कोणी ओळखलं नाही. कर्जतपासून पार खालापुरापर्यंत तो शिंगकाप्या. बाप शिंगकाप्या, आजाही तोच. गुराचं शिंग वाकडं वाढून डोळ्यात शिरू लागलं, झुंजीत मोडून लोंबू लागलं, नाहीतर आतून सडून त्याला घाण सुटली, की धाकलूला बोलावणं जायचं. खांद्यावर कांबळं, त्यात गुंडाळलेली बारीक दात्यांची करवत, एक कानस आणि डाग द्यायची लोखंडी सळई. वासरू महिन्याचं झालं की त्याच्या डोक्यावर शिंगाचे दोन कोंब फुटतात. त्यांवर तापलेली सळई टेकवली की पुढं शिंग उगवतच नाही. हे काम तर तो बोलता बोलता करायचा. वासरू हंबरायला तोंड उघडतंय तोवर हा पान लावायला बसलेला असायचा.

कुंभिवलीच्या भिवाजी गाडीवानाची गंमत सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. भिवाजीचा एक तांबडा बैल फार मारका. पोर म्हणू नका, कुत्रं म्हणू नका, दारी आलेला गोसावी म्हणू नका, कोणी सुटायचं नाही. भिवाजी धाकलूला म्हणाला, "दोनी शिंगं बुडापासनं काढ. जाऊ दे याचा राग एकदाचा."

धाकलू म्हणाला, "अरं बाबा, राग शिंगात नसतो, कपाळात असतो."

भिवाजी ऐकेना. शिंगं उतरली, जखमा डागल्या, सुकल्या, आणि महिनाभर बैल अगदी गोगलगाय. मग एका सकाळी भिवाजी शेण भरायला वाकला आणि त्या मुंड्या बैलानं नुसत्या कपाळानं त्याला असा लोटला की भिवाजी थेट उकिरड्यात. बाहेर येताना, मिशांना शेण तसंच, म्हणतो काय, "धाकल्या, कपाळ कापतोस काय रं?"

असा हसता-खेळता माणूस. पुढं याच माणसाला लोक दारातूनच परत पाठवू लागले, ते कशामुळं, तेच मला सांगायचं आहे.

आधी त्याचं कसब सांगतो, म्हणजे चूक कळेल. शिंग म्हणजे नुसतं नख नव्हे. खालच्या भागात हाड असतं, रक्त असतं. वरचा भाग निर्जीव. जीव कुठवर आहे ते बाहेरून दिसत नाही. धाकलू डोळे मिटून तळहात शिंगाच्या बुडाशी ठेवायचा आणि टोकाकडं हळूहळू सरकवायचा. जिथवर ऊब, तिथवर जीव. ऊब संपली की आणखी दोन बोटं सोडायची आणि तिथं करवत लावायची. रक्ताचा थेंब येत नसे. कापलेला तुकडा धन्याच्या हातात द्यायचा आणि धन्यानं तो आपल्याच जमिनीत पुरायचा. शिंगकाप्यानं घरी न्यायचा नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम. दुसरा नेम असा, की पाण्यातून आलेलं जनावर दोन घटका उन्हात बांधायचं आणि मगच हात ठेवायचा. म्हैस डुंबून आली की तिचं शिंग बुडापर्यंत गार पडतं. जीव असतो, पण हाताला लागत नाही.

घाटातून आगगाडी वर जायला लागून पंधरा-सोळा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दिवाळीचा आधला आठवडा. पाडव्याला गुरं गेरूनं रंगवायची, मिरवायची, म्हणून जो तो धाकलूच्या मागं. त्यातच सुंदराबाईचं बोलावणं आलं. सुंदरा विधवा बाई. मूलबाळ नाही, दीर-भाया नाही. घरात ती आणि गोठ्यात भुरी नावाची एक म्हैस. भुरीचं तूप कर्जतच्या बाजारात विकून ती दिवस काढायची. त्या भुरीचं डावं शिंग वळून डोळ्याच्या कडेला टेकलं होतं.

धाकलू ऐन दुपारी तिच्या अंगणात पोचला तेव्हा भुरी तळ्यात होती. पोशानं तिला बाहेर काढून आणली. हा पोशा म्हणजे आमचा गुराखी; ढाकच्या डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला. सकाळी गावची सगळी गुरं रानात न्यायची, दुपारी पाण्यावर, सांजेला दारात. आणि सुगीला घरोघरचं भात घ्यायचं. बोलणं कमी. गुरं मात्र त्याच्या नुसत्या चुचकारण्यावर थांबायची.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण धाकलूच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. म्हशीला आंब्याच्या खोडाशी जखडली. सुंदरा हळद-चुना आणायला आत गेली. पोशा मुसक्याचा दोर धरून उभा होता. तो म्हणाला, "धाकलूदादा, आत्ताच पान्यातनं काढली हाय. जरा सुकू द्या."

धाकलूला अजून तीन घरं करायची होती. तो म्हणाला, "तुझा बाप शिंगं कापत होता का माझा?"

पोशानं दोर घट्ट धरला. धाकलूनं ओल्या शिंगावर हात ठेवला. गार. आणखी खाली सरकवला, तिथंही गार. त्याला वाटलं, वा, या शिंगात जीव थोडाच आहे, जितकं खाली कापावं तितकं पुन्हा वळायची भीती कमी. त्यानं बुडाजवळ करवत लावली. तिसऱ्या-चौथ्या ओढीला रक्त आलं, पण हात वेगात होता. शिंग तुटून पडलं आणि कापल्या जागी अंगठा जाईल एवढं भोक दिसलं. आणि त्या भोकातून श्वास आला. होय, श्वास. थोरल्या जनावराचं शिंग बुडाशी पोकळ असतं आणि ती पोकळी आत डोक्यात, नाकाच्या वाटेला जाऊन मिळते. भुरीनं श्वास सोडला तसा शिंगाचा भुसा भोकातून वर उडाला. तिनं श्वास घेतला तशी एक माशी आत ओढली गेली.

सुंदरा हळद घेऊन बाहेर आली आणि तिच्या हातातली वाटीच पडली. "अगं बाई! भावजी, हे काय केलंत?"

धाकलू म्हणाला, "मी कुठं? ह्या ठाकरानं दोर सोडला. ऐन करवतीखाली हिची मान हलली."

पोशानं आपल्या हाताकडं पाहिलं. दोर त्याच्या मुठीत तसाच ताणलेला होता. पण सुंदराचं लक्ष म्हशीच्या डोक्याकडं होतं. दोराकडं पाहणार कोण?

त्या दिवशी धाकलूनं घराण्याचा नेम मोडला. तुकडा सुंदराच्या हाती दिला असता तर बुडाचं ओलं हाड दिसलं असतं, आणि मान हलली की करवत वाकडी जाते, हे कोणाही जाणत्यानं सांगितलं असतं. कापा तर सरळ होता. म्हणून त्यानं तो तुकडा कांबळ्यात गुंडाळून घरी नेला.

भुरी नऊ दिवस जगली. भोकावर फडकं बांधलं होतं. ते फडकं फुगायचं आणि बसायचं. मी स्वतः पाहायला गेलो होतो. जवळ गेलं की आवाज यायचा, फुस्‌... फुस्‌... बासरी शिकणाऱ्याला सूर लागू नये तसा. बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, डोसक्यातून जीव जातोय हिचा. पाचव्या दिवशी आत किडे पडले. पाडव्याच्या सकाळी गावची गुरं शिंगांना गेरू लावून देवळापुढून निघाली होती आणि तेवढ्यात सुंदराच्या गोठ्यातला आवाज थांबला.

सुंदरा तशीच देवळापुढं आली. पोशा गुरांमागं होता आणि त्याची बायको ठकी तान्ह्या पोराला कडेवर घेऊन त्याला भाकरी द्यायला आली होती. सुंदरानं सगळ्या गावादेखत दोन्ही हातांची बोटं मोडली आणि म्हणाली, "माझ्या दारचं दूध तू आटवलंस रं. तुझ्या दारीबी दूध आटंल!"

ठकीनं पोराचं डोकं हातानं झाकलं. आबाजी पाटलानं त्याच दिवशी त्याच्याकडून गुरं काढून घेतली, आणि वर्षभराच्या राखणीचं भात होतं तेही कोणी घातलं नाही. मीही घातलं नाही. खोटं कशाला सांगू?

आता धाकलूचं ऐका. दिवाळीनंतर पळसदरीहून एका बैलाचं शिंग करायचं बोलावणं आलं. बैल कोरडा ठणठणीत, उन्हात उभा. धाकलूनं शिंगावर हात ठेवला आणि सरकवत नेला. ऊब. आणखी वर, ऊब. टोकापाशी आला तरी ऊब. त्यानं हात पुसला, पुन्हा ठेवला. धनी म्हणाला, "काय रं, देवाचं नाव घेतोस का झोपलास?"

"गरम हाय," धाकलू म्हणाला. "टोकापत्तुर गरम हाय. ह्याचं नाय कापता यायचं."

धन्यानं स्वतः टोक धरून पाहिलं. गार होतं. सगळे हसले. धाकलूही हसला, ताप आलाय म्हणाला आणि घरी आला. पण पुढचं जनावरही तसंच निघालं, त्याच्या पुढचंही. गाईचं शिंग, बकरीचं शिंग, झुंजीच्या रेड्याचं शिंग, ज्यावर हात ठेवावा ते टोकापर्यंत जिवंत. मग मेलेली शिंगंही गरम लागू लागली. बायको आवडी केस विंचरत होती. तिनं सहज फणी त्याच्या हातात दिली. फणी म्हशीच्या शिंगाची. त्यानं निखारा धरल्यासारखी ती अंगणात फेकली.

आवडी तोंडाची तिखट. म्हणाली, "अवं, माझ्या आयशीनं दिलेली फणी हाय ती, विंचू नाय!"

आणि तो तुकडा? तो त्यानं भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवला होता. त्यानं नंतर मला सांगितलं, कणगीत भात काढायला हात घातला की वरचे दाणे गार, आणि खोल गेलं की कोमट, जणू खाली कोणी निजलंय. तो भात काढायचं काम आवडीवर ढकलू लागला. एकदा तिनं भाताबरोबर तो तुकडा वर काढला. बघितला, उलटा करून बुडाकडून बघितला. शिंगकाप्याची बायको ती. तिला सांगायला लागत नाही.

"हे भुरीचं," ती म्हणाली. "आणि कापा सरळ हाय."

धाकलू भिंतीकडं तोंड करून बसला.

"मंग तो ठाकर?"

आवडीनं तुकडा पुन्हा कणगीत टाकला आणि म्हणाली, "तुमच्या हाताला कायबी झालं नाय. भगताकडं कोंबडी नेऊन नेऊन माझं खुराडं रिकामं केलंत, आन्‌ इलाज हितं भातात पुरलाय."

तरी दोन वर्षं गेली. माणसाचं असंच असतं. चालायचे असतात दोनच कोस, पण उंबऱ्याबाहेर पडायला दोन वर्षं लागतात. सुगी झाली, रानं सुकली, आणि एका सकाळी तो ढाकच्या वाटेला लागला.

पोशा झोपडीपुढं बसून टोपली विणत होता. धाकलूला पाहून त्यानं उठायची घाई केली नाही. धाकलू पुढं जमिनीवर बसला आणि भडाभडा सांगून मोकळा झाला. तू सुकू द्या म्हणालास, मी ऐकलं नाय, दोर तुझ्या हातात होता, मी खोटं बोललो.

पोशा म्हणाला, "हे मला कशापायी सांगतोस? मी तितंच हुतो."

"मंग तवा बोलला का नाय?"

"कुनी ऐकलं असतं?"

धाकलूची नजर वर गेली. झोपडीच्या आडव्या वाशाला झोळीची दोरी बांधलेली होती. दोरी होती, झोळी नव्हती. त्यानं नको ते विचारलं, "पोर कुठं हाय रं?"

"पुढच्याच पावसात गेलं," पोशानं कामटी वळवत सांगितलं. "ताप हुता. घरात दाना नव्हता, तिला दूध नव्हतं. लेकरं जातात."

आतून ठकीचा खलबत्ता वाजत होता, तो थांबला. मग पुन्हा वाजू लागला. पोशा म्हणाला, "सांगायचं तर त्या सुंदराबायला सांग. गावाला सांग. मला ठाऊक हाय ते मला सांगून तू हलका व्हशील, माझं काय व्हनार?"

चौथ्या दिवशी देवळापुढं माणसं जमली. धाकलूनं तो तुकडा आबाजी पाटलापुढं ठेवला आणि सगळं बोलला. पाटील आमचा मिटवामिटवीत हुशार. गावात आग लागली तरी आधी नारळ फोडून मिटवू म्हणेल. त्यानं तुकडा हातात घेऊन पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाला, "झालं ते झालं. धाकलूनं देवाला नारळ द्यावा, सुंदरावयनीला एक रेडकू द्यावं. मिटलं."

तुकडा हातोहात फिरला. माझ्याही हातात आला. गार होता, नदीतल्या धोंड्यासारखा. मग तो बायकांकडं गेला आणि सुंदरापाशी थांबला. ती तो धरून बसली. तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, त्या ठाकराचं पोरबी गेलं म्हनं त्या साली, ठकीचं दूध आटलं.

सुंदरानं मूठ उघडून तुकड्याकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "गरम हाय."

पाटील म्हणाला, "काय?"

"हे गरम हाय वो, पाटील." तिनं सगळ्यांकडं पाहिलं. "म्या शाप दिला. ज्यानं काय केलं नव्हतं त्याच्या लेकराला दिला." मग धाकलूकडं वळून म्हणाली, "भावजी, तुमी तुमचं ओझं उतरवलंत ते माझ्या डोसक्यावर ठेवलंत. नारळानं नाय मिटायचं. रेडकूबी नको मला."

"मंग काय करू, वयनी?" धाकलूनं विचारलं.

"ज्या ज्या दारात करवत काढशीला, त्या त्या दारात आदी हे सांगायचं. त्या ठाकराचं नाव घेऊन सांगायचं. मंग धन्यानं कापू दिलं तर कापायचं. मरोस्तवर."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः ठाकूरवाडीला निघाली. सोबत धाकलू आणि आवडी. तिथलं मला आवडीनं सांगितलं. सुंदरा ठकीपुढं बसली. नुसती जमिनीवर हात फिरवत राहिली. ठकीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाली, "बाय, तुमच्या बोलन्यानं पोरं मरत असती तर आमच्या वाड्या कवाच वस पडल्या असत्या. तुमी काय कमी बोलता व्हय आमाला?"

आवडी सांगायची, ते ऐकून हसावं की रडावं कळेना. पुढं सुंदरा मोलमजुरीच्या पैशानं घेतलेल्या तुपाचं मडकं घेऊन वर्षातून एकदा वाडीला जायची. ठकी मडकं घ्यायची, रिकामं करून परत द्यायची. माया म्हणून घेई की घरात तूप नाही म्हणून घेई, हे विचारायची सुंदराची छाती झाली नाही. तो तुकडा तिनं आपल्या अंगणात पुरला आणि त्या जागेवर कधी पाय दिला नाही.

पाटलानं पोशाला पुन्हा गुरं राखायला बोलावलं. तो म्हणाला, "नको. तुमच्या गावात काय बिघडलं की दोर माझ्याच हातात असतो." धाकलूनं मात्र वेगळंच मागितलं. म्हणाला, "माझा हात गेला. मला समदं गरम लागतं. तू हात ठेव, मी करवत ओढतो. भात निम्मं तुझं."

पोशानं दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी आला. गुरांना जन्मभर हात लावलेला माणूस, त्याला ऊब कळायला कितीसा वेळ? तो डोळे उघडे ठेवूनच हात ठेवायचा आणि कोळशानं शिंगाभोवती रेघ ओढायचा. धाकलू त्या रेघेवर करवत लावायचा. केसभर खाली नाही, केसभर वर नाही.

आणि त्याआधी सांगणं. ते सांगणं मी किती दारांत ऐकलं! धाकलू करवत जमिनीवर ठेवून उभा राहायचा आणि सुरू करायचा, "कडावच्या सुंदराबायची म्हस हुती, भुरी." पहिल्या वर्षी निम्म्या लोकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. एका बाईनं तर मागून राख टाकली. दहिवलीत एक आडदांड शेतकरी म्हणाला, "एवढं घोकण्यापरीस तू गप्प बसला असतास तर कोन इचारनार हुतं?" धाकलू म्हणाला, "तेच केलं हुतं दोन वर्सं," आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मधे कोणी तोडलं तर त्याला पहिल्यापासूनच सांगावं लागे. हळूहळू लोकांना सवय झाली. पोरं पाठ म्हणू लागली, तो 'सुकू द्या' पर्यंत आला की पोरं ओरडायची, "तुझा बाप कापत हुता का माझा!" लोक हसायचे. धाकलू हसायचा नाही. पोशा बैलाच्या मानेवर हात ठेवून दुसरीकडं बघत उभा असायचा.

काम झालं की धाकलूची एक रीत होती. कापल्या जागी कान लावायचा, बराच वेळ. मी एकदा म्हटलं, "काय ऐकतोस रं? रेघ पोशाची हाय, चुकायची नाय." तो म्हणाला, "दादा, भुरीचा श्वास तुमाला नाय यायचा ऐकू."

अशी सतरा-अठरा वर्षं निघून गेली. गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, साल आलं, गावं रानात झोपड्या घालून राहिली. सुंदरा त्यात गेली. पुढच्या वर्षी हे दोघं माझ्या अंगणात आले, माझ्या पांढऱ्या बैलाचं शिंग करायला. दोघंही पिकलेले. आमची धाकटी सून नवी होती, पुण्याकडची. तिनं हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं, दारात उभी राहून, अगदी भुरीच्या फडक्यापासून झोळीच्या दोरीपर्यंत. सांगणं संपलं तशी ती पोशाला म्हणाली, "मग पोशाबाबा, तुम्ही यांना माफ केलंत तरी केव्हा?"

पोशा कोळसा शोधत होता. तो वर न बघता म्हणाला, "मला कुनी इचारलं न्हवतं."

मी धाकलूकडं पाहिलं. दारोदार हजारांदा सांगितलेलं. प्रत्येक धन्याला विचारलेलं, कापू का म्हणून. आणि ज्याच्याबरोबर रोज चालला, एका फडक्यातली भाकरी खाल्ली, त्याला एवढं एक विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा पडला. त्यानं तोंड उघडलं.

पोशा म्हणाला, "आदी शिंग काप. ऊन चढतंय."

त्यानं कापलं. रक्त आलं नाही. मग दोघं नदीकडच्या वाटेनं गेले, पोशा पुढं, धाकलू मागं. मी वळणापर्यंत बघत होतो. वळणाशी धाकलू दोन पावलं भराभरा टाकून त्याच्या बरोबरीला आल्यासारखं वाटलं.

त्या पावसाळ्यात धाकलू वारला. काही मोठं दुखणं नाही. भाताची आवणी करून आला आणि निजला तो उठला नाही.

दिवाळीआधी पोशा एकटा आला. खांद्यावर धाकलूचं कांबळं, त्यात करवत. आवडीनं दिली म्हणाला. माझ्या दुसऱ्या बैलाचं शिंग दाखवलं तसा तो त्याच्यापुढं उभा राहिला आणि करवत जमिनीवर ठेवून सांगू लागला, "कडावच्या सुंदराबायची म्हस हुती, भुरी." सगळं सांगितलं. आपण 'सुकू द्या' म्हणालो होतो तेही सांगितलं, आपण दोर सोडला नव्हता तेही सांगितलं. आवाज वेगळा, पण शब्द धाकलूचे.

सूनबाईला राहवलं नाही. "बाबा, ते तर गेले. आता तुम्ही कशाला सांगता?"

"मी नाय सांगितलं तर कोन सांगंल? ती गेली, तो गेला."

मी विचारलं, "पोशा, त्या दिवशी वाटंत इचारलं का रं त्यानं?"

"इचारलं."

"मंग तू काय बोललास?"

पोशानं तळहात धोतराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "मी म्हनलं, इचार करतो. अठरा वर्सांनी इचारलंस, मलाबी जरा येळ लागंल." त्यानं बैलाकडं पाहिलं. "पाऊस संपला की सांगनार हुतो."

मग त्यानं शिंगाच्या बुडाशी हात ठेवला आणि टोकाकडं सरकवू लागला. एरवी चार श्वासांत व्हायचं ते काम. त्या दिवशी तो हात फार वेळ फिरत राहिला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, आणि पहिल्यांदाच त्यानं डोळे मिटलेले मी पाहिले. बैल शांत उभा होता. शेवटी त्यानं कोळशानं रेघ ओढली आणि करवत उचलून माझ्या हातात दिली. म्हणाला, "रेघ माझी. वढा आता तुमी."